पांगुळगाडा की वॉकर?

दहा महिन्यांच्या लेकासाठी काय घेऊ, असं भाचीने विचारलं. लाकडी पांगुळगाडा धाकट्या भावंडालाही पुरतो, हे झालं टिकाऊपणाचं. खरा फरक पायांत. वॉकरमध्ये बाळ बसल्या बसल्या चवड्यांनी रेटत पळतं. तोल सांभाळायची गरजच उरत नाही. जिना, गरम चहा, सगळीकडे क्षणात पोचतं. कॅनडाने तर २००४ मध्ये वॉकरवर बंदीच घातली. पांगुळगाड्यामागे स्वतः उभं राहावं लागतं आणि मोठ्यांना सोबत चालावं लागतं. दमणूक होते खरी, पण ‘थांब’, ‘वळव’, ‘धडाम!’ हे शब्द तिथेच कानावर पडतात. गुळगुळीत फरशीवर मात्र तो निसटतो.

धरून उभं राहणाऱ्या बाळाला पांगुळगाडाच घ्या. स्वयंपाकापुरते हात मोकळे हवे असतील, तर वॉकरपेक्षा बाळाला डोळ्यांसमोर सतरंजीवर खेळू देणं बरं.