दमट गोव्यात पोस्ट-हार्डकोअर: एलपी की सीडी?
नुसता आरडाओरडा समजून टाळलेल्या पोस्ट-हार्डकोअरचा (हार्डकोअर पंकमधून निघालेल्या रॉक संगीताचा) हळवा अल्बम अचानक आवडला, तर विकत घेण्याआधी गोव्याची हवा बघा. पावसाळ्यात एलपीच्या, म्हणजे मोठ्या विनाइल तबकडीच्या, कागदी पाकिटाला बुरशी धरते. ती तबकडीच्या खाचांत उतरली की वाजवताना चरचर. आतलं पाकीट प्लास्टिकचं हवं, तबकड्या उभ्या, सोबत ओलावा शोषणारं सिलिका जेल. एका बाजूला साधारण २२ मिनिटंच बसतात आणि मध्याजवळच्या खाचांत किंकाळ्या फाटतात. नेमकं शेवटचं भावुक गाणं तिथंच येतं!

सीडी स्वस्त, ७४ मिनिटं सलग. मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल नव्हे. मात्र २०००च्या दशकातल्या बऱ्याच सीडींत हळू-मोठ्यातला फरक दाबून आवाज सरसकट मोठा केलेला. कुजबुज-किंकाळीतलं अंतर, म्हणजे या संगीताचा जीवच, घटतो.

देखभाल जमणार नसेल तर सीडी. कोरडं कपाट आणि निवांत संध्याकाळ असेल त्यानं एलपी घ्यावी.