पॅनडॉक : आठ महिने वापरल्यानंतर

आमचं त्रैमासिक लहान आहे. अंकात चौदा-पंधरा लेख, आणि बहुतेक सगळे वर्डमध्ये टाइप करून आलेले. छापील अंकाच्या जोडीला वेबसाइट आणि ई-पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा हे लेख साध्या मजकुरात आणायचं काम माझ्याकडे आलं. पहिला अंक मी कॉपी-पेस्ट करून केला. त्यात शिलालेखांवरचा एक लेख होता, तळटीपा ४३. पेस्ट केल्यावर मजकुरातले आकडे आणि खालच्या टीपा यांचा संबंधच तुटला. रात्री दीडपर्यंत बसून एकेक टीप जोडली, तरी दोन टीपांची अदलाबदल झालीच आणि ती लेखकांनीच दाखवून दिली. फार वाईट वाटलं. त्या आठवड्यात पॅनडॉक उतरवून घेतलं. एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून देणारा हा प्रोग्राम.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली ते पहिल्यांदा लोकांपुढे आणलं. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे. खिडकी नाही, बटणं नाहीत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या चौकटीत, एक ओळ लिहायची. मला त्याची धास्ती होती, पण ती ओळ एकदा एका फाइलमध्ये जपून ठेवली की दर वेळी फक्त लेखाचं नाव बदलायचं असतं. तोच शिलालेखांचा लेख पहिल्यांदा यातून काढला. दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. मार्कडाउनमध्ये (शीर्षकं, टीपा वगैरे साध्या खुणांनी दाखवणाऱ्या साध्या मजकुरात) ४३ च्या ४३ टीपा आपापल्या जागी होत्या. मी छापील अंक शेजारी ठेवून एकेक ताडून पाहिली.

हे कसं जमतं ते कळलं की पुढच्या बऱ्याच तक्रारी मिटतात. पॅनडॉक फाइल वाचून आधी लेखाचा सांगाडा मनाशी मांडतं : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, ही टीप. मग तो सांगाडा हव्या त्या प्रकारात लिहून काढतं. अक्षराचा आकार, रंग, समास यांना त्या सांगाड्यात जागा नाही, म्हणून ते पुढे येत नाहीत. आमचे निम्मे लेखक उपशीर्षक ठळक करून, आकार सोळा करून, मधोमध आणून ठेवतात. माणसाला ते उपशीर्षक दिसतं, पॅनडॉकला तो नुसता ठळक परिच्छेद दिसतो. वर्डमधल्या 'हेडिंग १', 'हेडिंग २' या स्टाइल्स लावल्या असतील तरच ते शीर्षक म्हणून ओळखतं. आता लेख आला की मी आधी वर्डमध्ये स्टाइल्स लावते. दहा मिनिटं जातात, पण ई-पुस्तकाची अनुक्रमणिका त्यातूनच आपोआप तयार होते.

कवितांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. प्रत्येक ओळीनंतर एंटर मारलेला असेल तर चार ओळींच्या कडव्याचे चार सुटे परिच्छेद होतात आणि कडवं कुठे संपलं तेच कळेनासं होतं. शिफ्ट दाबून एंटर मारला असेल तर ओळ मोडते, कडवं एकसंध राहतं. आता कवींना पाठवायच्या सूचनांमध्ये हे पहिलं वाक्य असतं.

एक चूक मात्र जिव्हारी लागली. एका कथेत माझ्या सहकाऱ्याने ट्रॅक चेंजेस (बदल खुणेसकट नोंदवणारी वर्डमधली सोय) चालू ठेवून दोन परिच्छेद काढायचे सुचवले होते. लेखिकाबाईंना ते ठेवायचे होते, तसं त्यांनी फोनवर सांगितलंही होतं, पण फाइलमध्ये सूचना तशीच राहिली. वेगळं काही सांगितलं नाही तर पॅनडॉक सगळे बदल मान्य झाले असंच धरतं. दोन्ही परिच्छेद गेले, आणि अंक वेबसाइटवर चढल्यावर त्यांचा फोन आला. मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते वाचलेलं नव्हतं. आता पॅनडॉकच्या त्या ओळीत ट्रॅक चेंजेसचा पर्याय 'ऑल' ठेवते, म्हणजे सुचवलेले आणि काढलेले सगळे शब्द खुणांसकट दिसतात. ओळी आपोआप मोडू नयेत म्हणून 'रॅप'ला 'नन' देते, नाहीतर एक शब्द बदलला तरी पुढच्या साऱ्या ओळी सरकतात. आणि मार्कडाउनच्या नावापुढे 'वजा स्मार्ट' जोडते, म्हणजे वळणदार अवतरणचिन्हं सरळ होत नाहीत.

मराठीचं म्हणाल तर, मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीच्या आजच्या प्रमाण संकेतांत) असेल तर काही बिघडत नाही. 'सुऱ्या', 'दऱ्या' यांतला अर्धा र जसाच्या तसा येतो. पण जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेले लेख अजूनही येतात. स्क्रीनवर देवनागरी, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाँट गळून पडला की तेच उघडं पडतं, आणि नवख्याला वाटतं पॅनडॉकने लेखाचा चुराडा केला. असे लेख आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरं वाचून तपासावीच लागतात. जुनी 'डॉक' फाइल ते वाचत नाही. ती मी लिबरऑफिस या वर्डसारख्या मोफत प्रोग्राममध्ये उघडून 'डॉक्स' म्हणून साठवते.

तक्त्यांच्या बाबतीत माझं समाधान अजून झालेलं नाही. सरळ ओळी-रकाने असतील तर ठीक, पण चौकटी एकमेकींत मिसळलेल्या असल्या की पुढे हातानेच काम करावं लागतं. गेल्या अंकात पर्जन्यमानाचा असाच एक तक्ता होता. तो मी शेवटी नव्याने टाइप केला आणि मूळ आकडे वाचून दाखवायला मुलीला शेजारी बसवलं.