उंची चार फूट दहा, शोल्डर चौदा: सरळ कटचे शर्ट आठ महिने वापरल्यानंतर

मुलांच्या सेक्शनमधून आणलेले दोन आणि शिंप्याकडून शिवून घेतलेले तीन, असे पाच हाफ शर्ट मी मार्च ते ऑक्टोबर आलटूनपालटून घातले. रोज ठाणे ते घणसोली लोकल, येता-जाता उभं राहूनच. मला पुरुषी धाटणीचेच कपडे आवडतात: सरळ कट, छातीवर खिसा, कमरेला टक्स (कापड आत घेणाऱ्या शिवलेल्या चुण्या) नाहीत. कॉलेजपासून आवडतात, आणि ते मापात मिळावेत म्हणून मी बरीच वर्षं धडपडले आहे.

आधी मी जेन्ट्समधला सगळ्यात लहान साइझ घ्यायचे. तिथेच चुकत होतं. छातीत शर्ट सैल असला तरी चालतो, पण खांद्याची शिवण दंडावर उतरते, मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई, खाली जातो आणि हाफ बाही कोपराला टेकते. उन्हाळ्यात ढगळ बरं, असं सगळे सांगतात. पण खाली उतरलेल्या मुंढ्याचं कापड काखेत गोळा होतं आणि घामाने तिथेच ओलं राहतं. वर लोकलची कडी धरली की अख्खा शर्ट हाताबरोबर ओढला जातो. बाजू आत घेणं, लांबी कमी करणं सोपं असतं. खांदा कमी करायचा तर बाही उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो, म्हणून खांदा बसत नसेल तर तो शर्ट मी आता घेतच नाही.

मुलांचा १३-१४ वर्षांचा शर्ट खांद्याला अगदी नेमका बसला, बाहीही दंडाच्या मध्यावर आली. अडचण दोन ठिकाणी आली. छातीशी दोन बटणांमधली फट उघडी पडायची. तिथे आतून एक टिचबटण लावून घेतलं. आणि खालचं बटण कमरेखाली ताणायचं, म्हणून दोन्ही बाजूंची शिवण तीन इंच उसवून कट ठेवला. एवढ्यावर ते दोन्ही शर्ट छान चालले. कापड मात्र जाड पॉपलिन होतं. जुलैत ते दोरीवर दोन-दोन दिवस दमट राहायचं.

बाकीचे तीन हलक्या कापडाचे हवे होते, म्हणून ठाण्यातल्या जांभळी नाक्याकडून कापड आणलं आणि नौपाड्यातल्या शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी माप घेता घेता विचारलं, "ताई, लेडीज शर्ट ना? टक्स घालतो."

"नको काका, जेन्ट्ससारखाच सरळ. फक्त माझ्या मापाचा."

"मग बटणांची काजं कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. जेन्ट्सला असतात तशीच."

त्यांनी मान डोलावून वहीत लिहून घेतलं, पुढे एक शब्द विचारला नाही. हे मला फार मोलाचं वाटलं. शोल्डर चौदा इंच, शर्टची उंची चोवीस, घेर मोकळा. कॉलरला पातळ बकरम (आतून घालतात ते ताठ कापड) घालायला सांगितलं, कारण जाड बकरमाची कॉलर घामाने मानेला घासते. खिसाही जेन्ट्सच्या मापाचा न ठेवता थोडा अरुंद आणि वर घेतला, नाहीतर लहान अंगावर तो पोटाशी येतो. शिलाई प्रत्येकी साडेचारशे रुपये.

तिन्हींत सगळ्यात जास्त घातला तो सीरसकरचा. हे कापड विणताना ताण्याचे, म्हणजे उभे, काही धागे सैल सोडतात, त्यामुळे त्यावर चुण्या उठतात आणि ते अंगाला सपाट चिकटत नाही. मे महिन्यात पाठीवर बॅग असतानाही आत थोडी हवा खेळते. इस्त्री नको, हा आणखी एक फायदा. दुसरा लिननचा. जवसाच्या खोडातल्या धाग्याचं हे कापड घाम चटकन शोषतं आणि लवकर वाळतंही, पण घणसोलीला उतरेपर्यंत पार चुरगळतं. मला ते चुरगळणं आवडतं. ऑफिसात मीटिंग असेल तेव्हा घालत नाही. तिसरा आंध्रातल्या मंगळगिरीच्या हातमाग कॉटनचा, गडद निळा. सुरुवातीला थोडा ताठ होता, चार-पाच धुण्यांनंतर मऊ झाला. तीन महिने त्याचा रंग बॅगेच्या पट्ट्याला लागत होता. तो वेगळा धुवा.

लिननचं कापड शिवण्याआधी पाण्यातून काढायला मी विसरले. पहिल्याच धुण्यात उंची इंचभर कमी झाली, आणि आता हात वर केला की कंबर दिसते. आपल्या उंचीला तो एक इंच फार असतो. कापड रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्या.

बर्म्युडाचं थोडक्यात सांगते: जेन्ट्सची माझ्या पोटरीवर येते, मुलांची गुडघ्यावर. मुलांचीच घ्या. फुल पँट मात्र मुलांची जमली नाही, मांडीला आणि आसनात आवळते. पुढे एकेक प्लीट घालून, उंची छत्तीस धरून, कॉटनची एक शिवायला टाकली आहे. दिवाळीची गर्दी होती म्हणून काकांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. यावेळी कापड दोनदा पाण्यातून काढलं.