एसएम५८ची बदली जाळी: कधी घ्यावी, कधी पोचा काढून भागतं

शुअर कंपनीच्या एसएम५८ माइकसाठी कंपनीचीच आरके१४३जी ही जाळी उत्तम आहे, पण नुसता पोचा आला म्हणून ती घेऊ नका. पोचा घरी निघतो. आटे चेपले असतील, कडेची रिंग वाकली असेल किंवा तार तुटून ओठाला टोचत असेल तर मात्र बदलाच.

या जाळीचे खरे पैसे आतल्या फोमचे. 'प', 'भ' म्हणताना बसणारा हवेचा फटका तोच अडवतो. खासबागेत कुस्तीचं निवेदन करताना माइक ओठांना लागलेला असतो. तांबड्या मातीची धूळ आणि थुंकी फोममध्ये मुरते, कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो नीट वाळतही नाही, आणि आवाज कोंदट होतो. फोम धड असेल तर कोमट साबणपाण्यात हलक्या हाताने धुवा, पूर्ण वाळवा, मगच बसवा. बोटाला भुगा लागत असेल तर धुण्यात अर्थ नाही. तो भुगा कार्ट्रिजवर, म्हणजे जाळीखालच्या आवाज पकडणाऱ्या भागावर पडतो, तेव्हा नवी जाळी घ्या.

हुबेहूब दिसणाऱ्या स्वस्त जाळ्याही मिळतात. त्या अंगठ्याने दाबून बघा. सहज दबली तर एकदा पडल्यावर पुन्हा पोचा. फोम फार दाट असेल तर वरचे सूर दबतात, विरळ असेल तर फटके ऐकू येतात. आटे पहिल्या फेरीपासून हलके बसले पाहिजेत. लावताना जाळी आधी किंचित डावीकडे फिरवा, आटा बसल्याचं हाताला जाणवलं की उजवीकडे.

अडकलेली जाळी काढताना घाई नको. जोराने पिळली तर आतलं कार्ट्रिज तिच्याबरोबर फिरतं आणि त्याच्या दोन बारीक तारा तुटतात. जाळीपुरतं काम मग कार्ट्रिजवर जातं.

पोचा काढायला जाळी माइकपासून वेगळी करा, फोम बोटांनी बाहेर घ्या. जाळी घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा आणि लाटण्याच्या गोल मुठीने आतून दाबा, पोच्याच्या कडेपासून मध्याकडे, थोडं थोडं. हातोडी मारू नका, विणलेल्या तारा सुटतात.

रिंग गोल करायला उद्यमनगरात लेथवाल्याकडे नेणार असाल तर फक्त जाळी न्या, माइक नाही. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो, लेथखालचा लोखंडी कीस तो ओढून घेतो. चुकून लागलाच तर चिकटपट्टी हलकेच टेकवून उचला. कॉम्प्रेसरची हवा कधीच नको, तिने कार्ट्रिजमधला आवाजाने थरथरणारा पातळ पडदा फाटतो.

माइक खरखरत असेल तर जाळी बदलून काही होणार नाही. आधी केबल बदलून बघा, मग एक्सएलआरच्या, म्हणजे माइकला केबल लागते तिथल्या, पिना हलतात का ते तपासा.

कंडेन्सर माइकला ही पद्धत लावू नका. तिथे पडदा काही मायक्रॉन जाडीचा आणि जाळीच्या लगेच मागे असतो. फँटम, म्हणजे केबलमधून माइकला मिळणारी वीज, बंद करा, जाळी पूर्ण वेगळी निघत असेल तरच पोच्याला हात लावा, कॅप्सूलला, म्हणजे पडदा असलेल्या भागाला, बोट लागू देऊ नका.

मागवताना क्रमांक नीट सांगा. बीटा ५८एची जाळी वेगळी, ती आरके२६५जी.