टाळूवरचे ठिपके निळे पडतात तेव्हा

जुन्या बायकांच्या हातावरचं गोंदण आठवा. भरलेली असायची काजळी, दिसायचं मात्र हिरवट-निळं. काळा रंग कातडीत खोल गेला की वरून असाच दिसतो. टक्कल झाकायला डोक्याच्या कातडीत रंगाचे बारीक ठिपके भरून बारीक कापलेल्या केसांचा भास करतात, त्याला स्कॅल्प मायक्रोपिगमेंटेशन, म्हणजे एसएमपी म्हणतात. त्याच्या नावाखाली होणारी फसवणूक नेमकी हीच आहे: पैसे घ्यायचे बारीक ठिपक्यांचे आणि करून द्यायचा साधा टॅटू.

ठिपका साधारण अर्धा ते एक मिलिमीटरवरच थांबायला हवा. कानशिलांवर कातडी पातळ, तिथे हात आणखी हलका. सुई खाली उतरली की रंग पसरतो, ठिपक्याला ठिपका चिकटतो आणि डोक्यावर टोपी रंगवल्यासारखी दिसते. भुवयांत भरायचा, आयर्न ऑक्साइडवाला रंग वापरला असेल तर टाळू तांबूस होते.

‘एकाच सिटिंगमध्ये काम’ म्हणणाऱ्याकडून उठून यावं. नीट कामाला दोन ते चार सिटिंग लागतात, मध्ये आठ-दहा दिवस. पहिली मुद्दाम फिकी ठेवतात, कारण कातडीनं रंग किती धरला ते खपल्या गेल्यावरच कळतं. घाईवाला जाड सुईनं गडद भरतो. त्या दिवशी आरशात झकास दिसतं, आणि जाहिरातीत फोटो त्याच दिवसाचा असतो! वर्षभरानंतरचा, उन्हातला फोटो मागा. टाळाटाळ सुरू होते.

‘मुळं जागी होतात’ ही तर शुद्ध थाप. रंगानं केस उगवत नाहीत. टक्कल असेल तर उरलेल्या केसांवर दर दोन-तीन दिवसांनी झिरो मशीन फिरवावीच लागते, नाहीतर ठिपके आणि केस वेगळे दिसतात. ‘आयुष्यभराची गॅरंटी’ही तशीच, तीन-पाच वर्षांत रंग फिका पडून टच-अप लागतो. केसांच्या प्रत्यारोपणाचा व्रण झाकायचा असेल तर आधी चार ठिपके टाकून महिनाभर थांबायला सांगा, व्रणावर रंग कसा बसेल याचा भरवसा नसतो.

सुईचं सीलबंद कार्ट्रिज समोर फोडायला लावा. वापरलेल्या सुईतून कावीळ बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. रंगाच्या बाटलीवरच्या लेबलचा फोटो काढा. बिलावर ‘हेअर ट्रीटमेंट’ असं मोघम न लिहिता कामाचं नाव, सिटिंगची संख्या येऊ द्या. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार करताना हेच कागद लागतात.

काम बिघडलंच तर तोच माणूस ‘वरून कातडीच्या रंगाची शाई भरून झाकतो’ म्हणेल. भरू देऊ नका. त्या शाईत बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, आणि पुढे रंग काढायला लेझर मारताच ते काळं पडू शकतं. सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन गोंदण काढणाऱ्या, 1064 नॅनोमीटरच्या क्यू-स्विच्ड लेझरबद्दल विचारा.