अटारीचा सोहळा १४-१५ ऑगस्टला पाहायचा असेल तर

पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन १४ ऑगस्टला, आपला दुसऱ्या दिवशी. त्यामुळे या दोन संध्याकाळी भारत-पाक सीमेवरच्या अटारीला, दोन्ही देशांच्या जवानांची कवायत आणि ध्वज उतरवण्याचा सोहळा पाहायला तोबा गर्दी असते. अमृतसरहून अंतर सुमारे ३० किलोमीटर. प्रवेश फुकट आहे. सीमा सुरक्षा दलाच्या संकेतस्थळावर आधी नोंदणी करावी आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं. पिशव्या आत नेता येत नाहीत, इथेच अनेकांची पंचाईत होते. सामान हॉटेलवरच ठेवून या.

पाकिस्तानच्या बाजूचं वाघा पश्चिमेला, म्हणजे सीमेवरच्या दरवाजाकडे बघताना मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत! टोपी हवीच, आणि फोटोही काळपट येतात. ध्वज उतरवणं मात्र अप्रतिम: दोन्ही झेंडे तिरक्या दोऱ्यांवरून एकाच वेगाने खाली येतात, कुणाचाही वर राहत नाही. घोषणांच्या गदारोळात नेमकं हेच निसटतं.

सणाला दोन्हीकडच्या जवानांनी एकमेकांना मिठाई देण्याची प्रथा आहे खरी, पण संबंध बिघडले की ती आधी बंद. २०१९ मध्ये तेच झालं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर दरवाजे उघडणं आणि हस्तांदोलनही थांबवण्यात आलं. तेवढ्याचसाठी जात असाल तर आधी चौकशी करा. कवायतीसाठी साधा आठवड्यातला दिवस केव्हाही बरा.