सेकंडहँड इस्टेट घेताना: सीसी बघायचे की आपल्या फेऱ्या?

सेकंडहँड इस्टेट गाडी, म्हणजे मागे लांब छत आणि मोठी डिकी असलेली स्टेशन वॅगन, शोधायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला: इंजिन किती सीसीचं? लहान इंजिन म्हणजे कमी खर्च आणि मोठं इंजिन म्हणजे इंधन पिणारं, हा हिशेब डोक्यात पक्का बसलेला असतो. नव्या साध्या हॅचबॅकपुरता तो बऱ्यापैकी चालतोही. पण दहा वर्षं वापरलेल्या, माणसं आणि सामान भरून नेण्यासाठी घेतलेल्या गाडीला तोच हिशेब लावला, तर चुकीची गाडी दारात येते. मग ती एक-दोन वर्षांत मोठं काम काढते.

स्कोडा ऑक्टेव्हियाच्या तिसऱ्या पिढीची इस्टेट, म्हणजे 2013 ते 2020 मधली 'कॉम्बी', हे उदाहरण घेऊ. एकाच सांगाड्यात इतकी वेगवेगळी इंजिनं बसली की तुलना सोपी होते. तिचं 1.0 टीएसआय हे 999 सीसीचं, तीन सिलिंडरचं टर्बो (जास्तीची हवा कोंबणारं) पेट्रोल इंजिन 115 अश्वशक्ती देतं. नंतरच्या वर्षांतलं 1.6 टीडीआय डिझेलही 115 देतं. काही देशांत मिळणारं विनाटर्बो 1.6 एमपीआय पेट्रोल 110. कागदावर तिघंही सारखे. टॉर्क (इंजिनाचा ओढण्याचा जोर) बघा, म्हणजे फरक कळतो: अनुक्रमे 200, 250 आणि 155 न्यूटन-मीटर. शिवाय हा जोर कुठे मिळतो तेही बघायला हवं. डिझेलला तो दीड-पावणेदोन हजार आरपीएमपासून मिळतो, लहान टर्बोला दोन हजारांपासून, आणि साध्या 1.6 ला थेट चार हजारांच्या आसपास.

इस्टेटमध्ये हे आकडे जास्त बोलतात, कारण ती रिकामी फिरवायला कुणी घेत नाही. कॉम्बीची डिकी 610 लिटरची, मागच्या सीट पाडल्या की 1,740 लिटरची. पाच मोठी माणसं आणि त्यांचं सामान धरलं तर साडेचारशे-पाचशे किलो सहज भरतात, म्हणजे सव्वा ते दीड टनाच्या गाडीवर तिच्या एक तृतीयांशाएवढा भार. असा भार घेऊन चढ लागला की साध्या 1.6 ला गियर खाली आणून इंजिन वर ओरडवावं लागतं. डिझेल त्याच गियरमध्ये निमूटपणे ओढत राहतं.

लिटरचा हिशेब

इंधनाचा भाव प्रत्येक ठिकाणी वेगळा, म्हणून पैशांऐवजी लिटरमध्येच बोलू. खालचे अ‍ॅव्हरेज मी मिश्र वापरासाठी अंदाजाने धरलेले आहेत. तुमच्या रस्त्यांप्रमाणे ते बदलून घ्या, गणित तेच राहील. तक्त्यातली 1.8 हायब्रिड ही टोयोटाची, पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हीवर चालणारी; बाकी इंजिनं ऑक्टेव्हियाची.

| इंजिन | लिटरला किमी | वर्षाला 8,000 किमी | 15,000 किमी | 30,000 किमी |
|---|---|---|---|---|
| 1.0 टर्बो पेट्रोल | 16 | 500 लि. | 938 लि. | 1,875 लि. |
| 1.4 / 1.5 टर्बो पेट्रोल | 15 | 533 | 1,000 | 2,000 |
| 1.6 साधं पेट्रोल | 13 | 615 | 1,154 | 2,308 |
| 1.6 डिझेल | 20 | 400 | 750 | 1,500 |
| 2.0 डिझेल | 18 | 444 | 833 | 1,667 |
| 1.8 हायब्रिड | 20 | 400 | 750 | 1,500 |

15,000 किलोमीटरच्या रकान्यात 1.6 आणि 2.0 डिझेल शेजारी ठेवून बघा. वर्षभरात फरक 83 लिटरचा, म्हणजे दोन टाक्यासुद्धा नाहीत. एवढ्यासाठी 150 अश्वशक्ती आणि 340 न्यूटन-मीटरचं 2.0 सोडून 1.6 घेण्यात काटकसर आहे असं मला मुळीच वाटत नाही. दुसरीकडे 8,000 च्या रकान्यात 1.5 पेट्रोल आणि 1.6 डिझेल यांच्यातला फरक 133 लिटर आहे. तो वाचवण्याच्या मोहात डिझेल घेणारे पुढे काय भोगतात, ते खाली येईलच.

'लिटरला किती' या मापाची एक चकवणारी गोष्ट आहे. लिटरला 10 देणारी गाडी 12 देऊ लागली, तर 15,000 किलोमीटरमागे 250 लिटर वाचतात. 20 ची 24 झाली तर वाचतात फक्त 125. त्यामुळे आधीच चांगलं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या दोन गाड्यांमध्ये आणखी चार किलोमीटरसाठी जीव टाकू नका.

जाहिरातीतला अधिकृत आकडा वाचताना गाडीचं वर्ष बघा. युरोपात सप्टेंबर 2018 पासून सगळ्या नव्या गाड्यांना डब्ल्यूएलटीपी ही चाचणी लागू झाली. त्याआधीची एनईडीसी चाचणी फार सौम्य होती, म्हणून जुन्या गाडीचा आकडा नव्यापेक्षा सुंदर दिसतो. दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका.

डिझेल: कुणाला लाभतं, कुणाला छळतं

आधी डिझेलच्या बाजूनं बोलतो, कारण आजकाल त्याची बाजू कुणी घेत नाही. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. शिवाय डिझेल इंजिन हवा अडवून ताकद कमी-जास्त करत नाही, त्यामुळे हलक्या भारावरही ते काटकसरीनं चालतं. महामार्गावर तासन्‌तास भरलेली गाडी पळवायची असेल, ट्रेलर ओढायचा असेल, तर 2.0 डिझेल इस्टेटइतकं समाधान दुसरं इंजिन क्वचितच देतं.

पण हे सगळं डीपीएफच्या अटीवर. युरो 5 (प्रदूषणाचा युरोपीय निकष) पासूनच्या डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी पकडणारी ही जाळी असते. ती भरत आली की इंजिन जास्तीचं इंधन वापरून तिचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. त्यासाठी गाडी गरम होऊन पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात चालायला हवी. रोज तीन किलोमीटरवर शाळा आणि पाच किलोमीटरवर बाजार, एवढीच गाडी चालत असेल तर ही साफसफाई दर वेळी अर्धवट राहते. जाळी तुंबते, आणि न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर तो याच दुखण्याचा इशारा असतो. शिवाय काजळी जळाली तरी राख जळत नाही. म्हणून खूप फिरलेल्या गाडीची जाळी कधी ना कधी साफ करावी किंवा बदलावी लागतेच.

तिच्या जोडीला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), इंजेक्टर, टर्बो आणि ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचजवळचं, इंजिनाचे धक्के शोषणारं जड चाक) आहेत. नव्या मॉडेलांत अ‍ॅडब्लूची टाकीही आली, म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड घटवणाऱ्या द्रवाची. यातलं एखादं काम निघालं तर काय, याचा अंदाज खरेदीआधीच घ्या. आपल्या मेकॅनिकला त्या मॉडेलच्या क्लच आणि फ्लायव्हीलचा मिळून खर्च विचारा आणि त्याला एका लिटरच्या भावानं भागा. जे लिटर येतील ते वरच्या तक्त्यातल्या 133 शी ताडून बघा. कमी फिरणाऱ्या माणसानं डिझेल का घेऊ नये, हे मला या भागाकाराइतकं स्पष्ट कशानंच समजावता येत नाही.

वयाचा मुद्दाही आहे. युरोपीय संघात सप्टेंबर 2015 पासून सगळ्या नव्या गाड्यांना युरो 6 बंधनकारक झालं. अनेक युरोपीय शहरांनी त्याआधीच्या डिझेल गाड्यांवर बंधनं घातली आहेत. त्याच सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगन समूहाचा उत्सर्जन घोटाळा, म्हणजे फक्त चाचणीपुरतं प्रदूषण कमी दाखवणारं सॉफ्टवेअर, उघड झाला. जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्या त्यात होत्या आणि ऑक्टेव्हियाच्या आधीच्या पिढीतलं ईए189 इंजिन त्यातलंच. तशी गाडी बघत असाल तर सॉफ्टवेअर बदलल्याची नोंद मागून घ्या.

लहान टर्बो पेट्रोल

एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन रिकाम्या गाडीत चालवून बघितलं की थक्क व्हायला होतं. हलकं, चपळ आणि शांत. ते कमी पितं कारण हलक्या भारावर लहान इंजिनाची हवा ओढण्यात आणि घर्षणात ताकद कमी वाया जाते. हा फायदा भार वाढला की आटतो. भरलेल्या इस्टेटमध्ये टर्बो सतत दाबाखाली राहतो, आणि जोरात रेटल्यावर अशी बरीच इंजिनं भाग थंड ठेवण्यासाठी जास्तीचं पेट्रोल सोडतात. मग 16 चे 12 होतात आणि 'लहान इंजिन, कमी खर्च' हे गणित त्याच प्रवासात मोडतं.

टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) कसा आहे हे इथे सीसीपेक्षा महत्त्वाचं. फोर्डच्या सुरुवातीच्या 1.0 इकोबूस्टमध्ये आणि प्यूजो-सिट्रोएनच्या 1.2 प्युअरटेकमध्ये बेल्ट इंजिन ऑइलमध्ये भिजत फिरतो. चुकीचं किंवा जुनं ऑइल राहिलं की तो झिजतो, त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला ऑइल मिळेनासं होतं. फोकस इस्टेट किंवा 308 एसडब्ल्यू आवडली असेल तर बेल्ट बदलल्याची पावती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑक्टेव्हियाच्या 1.0, 1.4 आणि 1.5 टीएसआयमध्ये बेल्ट कोरडा असतो. तिच्या आधीच्या पिढीतल्या 1.2 आणि 1.4 टीएसआयमध्ये मात्र बेल्टऐवजी चेन होती, आणि ती ताणल्या जाण्याबद्दल ही इंजिनं बदनाम आहेत.

माझं मत विचाराल तर 150 अश्वशक्तीचं 1.4 किंवा 1.5 टीएसआय हा इस्टेटसाठी सगळ्यात शहाणा मध्य आहे. टॉर्क 1.6 डिझेलएवढाच, 250. डिझेलची दुखणी नाहीत आणि 1.0 च्या तुलनेत 15,000 किलोमीटरला जेमतेम 62 लिटर जास्त.

साधं 1.6

याच्याबद्दल लांबवण्यासारखं काही नाही, आणि तीच त्याची खुबी. टर्बो नाही, इंजेक्शनचा प्रकार जुना आणि साधा, कुठल्याही गॅरेजात हात घालता येतो. इंधन जास्त लागतं. वर्षाला आठ हजार किलोमीटर आणि सपाट रस्ते असतील, तर खुशाल घ्या.

हायब्रिड

टोयोटानं 2013 मध्ये ऑरिस टूरिंग स्पोर्ट्स 1.8 हायब्रिड आणली, आणि 2019 पासून कोरोला टूरिंग स्पोर्ट्स 1.8 आणि 2.0 या दोन हायब्रिड इंजिनांत मिळते. नेहमीचा स्टार्टर, अल्टरनेटर आणि क्लच या गाड्यांमध्ये नसतातच, त्यामुळे ते बिघडायचा प्रश्न येत नाही. वेग कमी करताना मोटर ब्रेकचं बरंच काम करते, म्हणून ब्रेक पॅडही जास्त टिकतात. शहरातल्या थांबत-चालत जाण्यात हिला तोड नाही. महामार्गावर हा फायदा बराच कमी होतो.

मोठं इंजिन घेताना एक अदलाबदल होते: कोरोलाच्या 1.8 ला डिकी 596 लिटरची, 2.0 ला 581 ची. पंधरा लिटरसाठी मी 2.0 सोडणार नाही, भरलेल्या गाडीला तिचा जोर हवाच. ट्रेलर ओढायचा असेल तर मात्र हायब्रिड बाजूला ठेवा, त्यांची ओढण्याची मर्यादा त्या आकाराच्या डिझेलपेक्षा बरीच कमी असते. आणि मागच्या सीटजवळची बॅटरी थंड ठेवणारी हवेची जाळी नक्की बघा. कुत्रा फिरवलेल्या गाडीत ती केसांनी तुंबलेली असू शकते, आणि बॅटरी गरम राहिली की तिचं आयुष्य घटतं.

इंजिनाला लटकून येणारे खर्च

मोठ्या इंजिनाची गाडी बहुतेक वेळा वरच्या मॉडेलची असते, आणि तिच्याबरोबर 17-18 इंची चाकं, रुंद टायर आणि मोठे ब्रेक येतात. चार टायरांचा भाव दोन्ही मापांत काढून बघा, कित्येकदा वर्षभराची इंधनबचत तिथेच जाते. 2.0 डिझेल 15 किंवा 16 इंची चाकांवर मिळालं तर ते सोनं समजा.

ऑटोमॅटिक हवी असेल तर गियरबॉक्सही इंजिनाप्रमाणे बदलतो. ऑक्टेव्हियाच्या लहान इंजिनांना सात गियरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (फोक्सवॅगन समूहाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स) लागतो, तो 250 न्यूटन-मीटरपर्यंतच्याच इंजिनांसाठी आहे. 2.0 डिझेलला बहुधा सहा गियरचा, ऑइलमध्ये बुडलेल्या क्लचचा मिळतो. हा जास्त दणकट, पण त्याचं ऑइल दर 60,000 किलोमीटरला बदलायलाच हवं. 1,80,000 फिरलेल्या गाडीच्या कागदांत अशा तीन नोंदी असायला हव्यात. एकच दिसली तर भाव पाडून घेण्यापेक्षा दुसरी गाडी शोधा.

रस्ता कर कुठे सीसीवर, कुठे कार्बन उत्सर्जनावर, तर कुठे ताकदीवर ठरतो. आपल्याकडे तो कशावर आहे हे दहा मिनिटांत कळतं, तेवढं आधी बघून घ्या.

गाडी बघायला जाताना

महिनाभर आपल्या फेऱ्या लिहून काढा: किती किलोमीटर, गाडीत किती माणसं, इंजिन गरम होण्याआधी थांबलेल्या फेऱ्या किती. निम्म्याहून जास्त फेऱ्या अशा असतील तर डिझेल यादीतून काढा, वर्षाचे एकूण किलोमीटर कितीही असोत. वर्षाला पंचवीस हजारांच्या पुढे आणि बहुतेक महामार्ग असेल तर 2.0 डिझेल. मधल्या वापराला 1.4-1.5 टर्बो, शहरातल्या गर्दीला हायब्रिड. 1.0 त्यांच्यासाठी, ज्यांच्या गाडीत बहुतेक वेळा दोनच माणसं असतात.

विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा, सुरू मी करीन. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर त्या दिवशी गाडी न बघताच घरी परता. चेनची खडखड आणि धूर पहिल्या काही सेकंदांतच कळतात, नंतर नाही. आणि टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरातली तीन माणसं बरोबर न्या, चौघं मिळून बसा आणि जवळ असेल तो सगळ्यात लांब चढ चढून बघा.